बोटीचं हायड्रोलिक स्टेअरिंग सारखं ढिलं पडायलंय? तेल ओतायच्या आधी हे बघा

तक्रार नेहमी एकच असते. चाक पोकळ फिरायलंय. तेल टाकलं, एअर काढली, थोडे दिवस झकास चाललं आणि परत तेच, मग परत तेल, परत एअर, आणि शेवटी माणूस वैतागून म्हणतो की हे हायड्रोलिकच बोगस, जुनं वायरचं स्टेअरिंग बरं होतं. बोगस काही नाही. वर्षानुवर्षं हात न लावता चालणारी वस्तू आहे ती, फक्त आपण दरवेळेला दुखणं सोडून तापाची गोळी देतोय एवढंच.

मी पैठणकडचा, काम मुख्य ट्रॅक्टर आणि हार्वेस्टरच्या हायड्रोलिकचं, आणि धरण जवळ असल्यामुळं आउटबोर्ड इंजिनाच्या (बोटीच्या मागं बाहेरनं लटकणाऱ्या) बोटी पण येतात हाताखाली. कामाच्या फायबर बोटी, 40 पासून 90 एचपीपर्यंतच्या. आपल्याकडं बोटीचा वेगळा मेकॅनिक कुठून येणार, नांदेडला जा नाहीतर माजलगावला जा, बोट बिघडली की ट्रॅक्टरवाल्यालाच बोलवतात. आणि गोंधळ तिथंच सुरू होतो, कारण ट्रॅक्टरवाला येतो तो ट्रॅक्टरचं डोकं घेऊन. पहिला प्रश्न, पंप कुठंय? इंजिन रेस करून बघा की! रिलीफ व्हॉल्व्ह सेट करा की!

अरे बाबांनो, या स्टेअरिंगला इंजिनावर चालणारा पंपच नसतो. (मोठ्या बोटींवर पावर असिस्ट असतं, त्याचं सोडा.) छोट्या बोटीत चाकाच्या मागं जो गोल डबा असतो, ज्याला हेल्म म्हणतात, तोच पंप. त्याच्यात बारीक पिस्टन असतात, तुम्ही चाक फिरवलं की तुमच्या हाताच्या जोरावर तेल दोनपैकी एका होजमधून मागं इंजिनाजवळच्या सिलेंडरला जातं आणि दुसऱ्या होजनं तेवढंच परत येतं. इंजिन बंद असलं तरी स्टेअरिंग तसंच चालतं. हेल्ममध्येच चेक व्हॉल्व्ह (तेल एकाच दिशेला सोडणारे, मागं न येऊ देणारे) असतात, त्यामुळं पाण्याचा जोर इंजिनाला ढकलायला लागला तरी चाकाला मागून झटका येत नाही आणि हात सोडला तरी इंजिन जागेवर राहतं. बस. सगळ्या सिस्टीममध्ये तेल साधारण लिटर दीड लिटर. इतकी साधी गोष्ट आहे म्हणूनच बिघाड शोधणं पण सोपं, फक्त क्रमानं जायचं.

पहिला प्रश्न एकच: तेल कमी झालंय का? हेल्मचं टोपण उघडायच्या आधी त्याच्या आजूबाजूची धूळ पुसून घ्या, आपल्याकडची धूळ काय चीज आहे सांगायला नको. लेव्हल म्हणजे भरायच्या तोंडाच्या आट्यांच्या खालपर्यंत, काठापासून साधारण अर्धा इंच खाली. काठोकाठ भरायचं नाही. आणि बघायचं ते सकाळी थंड वेळेला.

तेल कमी असेल तर ते कुठंतरी गेलंय. ही सिस्टीम तेल जाळत नाही, पीत नाही. इंजिनाच्या ऑइलसारखं ''थोडं तर लागतंच'' हे इथं चालत नाही. थोडं पण लागत नाही. दर महिन्याला घोटभर टाकावं लागतंय म्हणजे गळती आहे आणि जिथनं तेल बाहेर येतं तिथनंच कधीतरी हवा आत पण जाते, हेल्ममधली लेव्हल फार खाली गेली तर पंप सरळ हवाच ओढतो. म्हणून गळती न शोधता एअर काढणं म्हणजे फुटक्या घागरीत पाणी भरणं.

गळती शोधायची माझी पद्धत एकदम गावठी. सगळे जोड पेट्रोलच्या चिंधीनं पुसून कोरडे करा, हेल्मच्या खाली, होजच्या जोडांखाली आणि सिलेंडरच्या दोन्ही टोकांखाली वर्तमानपत्राचे तुकडे ठेवा, चाक या टोकापासून त्या टोकापर्यंत चांगलं फिरवा, टोकाला गेल्यावर जरा जोर देऊन धरा, आणि बोट रात्रभर तशीच सोडा. सकाळी कागदावर डाग दिसतो. इतकं करायला कोणी तयार नसतं, तेल ओतायला मात्र सगळे तयार.

डाग चाकाखाली पडला, म्हणजे जिथनं चाकाचा शाफ्ट बाहेर येतो तिथनं ओघळ आला, तर हेल्मचं पुढचं शाफ्ट सील गेलं. हे बहुतेक मॉडेलला बोट पाण्यातनं न काढता बदलता येतं, चाक काढायचं, सीलची प्लेट काढायची, नवीन सील बसवायचं. डाग हेल्मच्या मागं पडला तर होजचा जोड, आणि इथं एक मोठी भानगड आहे ती पुढं सांगतो. डाग मागं सिलेंडरखाली पडला तर सिलेंडरच्या टोकाचं सील, आणि परत परत येणाऱ्या तक्रारींत सगळ्यात जास्त हेच निघतं.

सिलेंडरचं सील बदललं की पोरं खूश होतात आणि रॉडकडं बघतच नाहीत. पुढून बसणाऱ्या सिलेंडरमध्ये रॉड जागेवर फिक्स असतो आणि सिलेंडरची बॉडी त्याच्यावरनं सरकते, म्हणजे रॉडचा कुठला ना कुठला भाग कायम उघडा. समुद्राच्या बोटीत त्याला खारं पाणी खातं, आपल्या धरणात मीठ नाही पण गाळ आहे. उन्हाळ्यात पाणी उतरलं की बोट चिखलातनं ओढत आणायची, इंजिनावर काळा गाळ उडतो, दोन तासात वाळून कडक होतो, आणि दुसऱ्या दिवशी कोणीतरी चाक फिरवतं की तो वाळका गाळ रॉडवरनं सरळ सीलच्या ओठाखाली जातो. त्यानं रॉडला बारीक ओरखडे येतात. त्या ओरखड्यांवर कितीही भारी नवीन सील टाका, थोड्याच दिवसात परत गळणार, कारण ओठ बसायला गुळगुळीत जागाच नाही. नखाचं टोक रॉडवरनं लांबीच्या दिशेनं नाही तर आडवं, गोल फिरवून बघा. नख अडकलं की समजायचं. काही जण तिथं पॉलिश पेपर मारतात, त्यानं चमक येते पण अजून बारीक चरे पडतात. रॉड बदला नाहीतर सिलेंडर बदला, दुसरा उपाय मला तरी माहीत नाही. आणि बदलल्यावर रोज संध्याकाळी स्वच्छ पाण्यानं धुऊन चिंधीनं पुसा, चाक फिरवायच्या आधी.

आता ती होजच्या जोडाची भानगड. जोड गळायला लागला की आपल्या माणसाचा हात पहिला पांढऱ्या टेपकडं जातो, नळाला लावतो ती टेफलॉन टेप. ती इथं नको म्हणजे नको. टेपचा बारीक दोरा आट्यांवरनं सुटतो, तेलाबरोबर हेल्ममध्ये जातो आणि चेक व्हॉल्व्हच्या सीटवर जाऊन बसतो. मग व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही. लक्षण काय, तर एका बाजूला स्टेअरिंग मस्त आणि दुसऱ्या बाजूला घसरतंय, किंवा आज ठीक, उद्या घसरतंय, परवा परत ठीक, कारण दोरा आतल्या आत फिरतोय. असला बिघाड माणसाला वेडं करतो, हेल्म बदला, सिलेंडर बदला असं करत पैसे जातात आणि निघतो काय तर नखाएवढा टेपचा तुकडा! निमुळत्या आट्यांच्या फिटिंगला पातळ लिक्विड सीलंट लावायचं, तेही पहिले एक-दोन आटे सोडून, आणि ज्या जोडाला ओ-रिंग आहे किंवा जो फ्लेअर टाइपचा (तोंड पसरट करून दाबून बसवलेला) आहे त्याला काहीच लावायचं नाही, गळत असेल तर ओ-रिंग बदला.

समजा तेल एक थेंब कमी नाही, कुठंच ओल नाही, तरी चाक ढिलं. मग दोन गोष्टी हातानं बघायच्या. बोट जागेवर, इंजिन बंद, किल्ली बाहेर. चाक एका टोकाला न्या आणि टोकाला लागल्यावर अजून जोर द्या. तिथं ते ठाम थांबलं पाहिजे. फार ताकद लावली तर अगदी हळू सरकतं, तेवढं चालतं. पण जर स्प्रिंगसारखं दबायलं आणि सोडलं की मागं यायलं तर आत हवा आहे. आणि जर दबत नाही, नुसतं संथ फिरतच राहिलं, तर तेल कुठंतरी आतल्या आत पलीकडं जायलंय. ते एकतर सिलेंडरच्या आतल्या पिस्टन सीलमधनं नाहीतर हेल्मच्या व्हॉल्व्हमधनं.

दोन्हीतलं कुठलं हे ओळखायला होज हेल्मपासून सोडवा आणि हेल्मची दोन्ही तोंडं योग्य आट्यांच्या प्लगनं बंद करा. आता हळूच चाक फिरवा. दोन्ही दिशेला चाक घट्ट अडलं तर हेल्म चांगला, दोष मागं आहे. प्लग लावूनही फिरतच राहिलं तर दोष हेल्ममध्ये. पाच पैशाच्या प्लगनं हजारोंचा निर्णय होतो, पण हे न करता लोकं अंदाजानं पार्ट मागवतात आणि मग म्हणतात नवीन टाकून पण फरक नाही. दुसरी परीक्षा, मागं जाऊन इंजिन दोन्ही हातांनी ढकलून बघा. इंजिनाबरोबर पुढं चाक फिरायलं तर चेक व्हॉल्व्ह धरत नाही. चाक स्थिर आहे पण इंजिन हळूहळू सरकतंय तर बहुतेक सिलेंडरचं पिस्टन सील. इंजिन थोडं हलून परत जागेवर यायलंय तर परत तीच हवा.

हवा काढूनही परत हवा राहते, गळती पण नाही, हे काहून होतं? होजच्या रस्त्यामुळं. हेल्म ही सगळ्या सिस्टीमची सगळ्यात उंच जागा पाहिजे आणि होज मागून पुढं चढत आली पाहिजे, कारण बुडबुडा वर जातो. मधी कुठं होज कमान करून वर गेली आणि परत खाली आली की त्या कमानीत हवा अडकून बसते. इंधनाच्या टाकीच्या वरनं, नाहीतर सीटच्या फ्रेमवरनं होज नेलेली अशी बोट मी एकदा सोडून अनेकदा बघितली. कमान सरळ करा, क्लिप मारा, मग एअर काढा. आणि एक, मूळ होज फुटली म्हणून कोणी साधी नळी टाकली असेल तर ती दाबाखाली फुगते आणि चाक कायम मऊच लागतं, त्यात हवेचा काही संबंध नसतो. संभाजीनगरला जालना रोडला, वाळूजला जेसीबीच्या होज दाबून मिळतात, त्या दाबाला भारी असतात पण जाड आणि कडक, इंजिन टिल्ट करताना, म्हणजे वर उचलताना, वळत नाहीत आणि सिलेंडरच्या फिटिंगवर ताण देतात, मग फिटिंग गळतं. शक्यतो बोटीच्या स्टेअरिंगचीच होज मागवा. कुठलीही टाकली तरी इंजिन पूर्ण वर, पूर्ण खाली, पूर्ण डावीकडं, पूर्ण उजवीकडं करून बघा की होज कुठं ताणतेय का, चिमटतेय का.

एअर काढायचं काम दोन माणसांचं, एक पुढं एक मागं, आणि मागचा माणूस बोलणारा पाहिजे. तेलाची बाटली पारदर्शक नळीनं हेल्मच्या तोंडाला जोडायची आणि उलटी टांगायची, म्हणजे पूर्ण वेळ हेल्म भरलेला राहील आणि बुडबुडे डोळ्यांना दिसतील. चाक एका टोकाला न्यायचं. सिलेंडरच्या त्या बाजूच्या ब्लीड निपलला (हवा सोडायच्या छोट्या स्क्रूला) पारदर्शक नळी लावून तिचं टोक डब्यात सोडायचं, निपल सैल करायचा, सिलेंडर हलू द्यायचा नाही, हातानं धरून ठेवायचा, आणि ज्या दिशेनं फिरवल्यावर त्या निपलातनं तेल येतं त्या दिशेनं चाक हळू फिरवत राहायचं. दिशा तुमच्या मॉडेलच्या पुस्तकात दिलेली असते. सलग बिनबुडबुड्याचं तेल यायला लागलं की चाक फिरवता फिरवताच निपल बंद करायचा. फिरवणं थांबवून मग निपल बंद केला तर हवा परत आत. मग दुसरी बाजू, मग परत पहिली. घाई केली, चाक गरगर फिरवलं तर तेलाला फेस येतो आणि फेस काही निपलातनं निघत नाही. तसं झालं तर चहा पिऊन या, फेस बसू द्या. डब्यात आलेलं तेल परत बाटलीत ओतायचा मोह होतो, नका ओतू. आणि ते तेल दुधासारखं पांढरट दिसलं तर आत पाणी गेलंय, सगळंच बदला.

तेल कुठलं? बोटीच्या स्टेअरिंगचं म्हणून जे मिळतं ते पातळ असतं, आयएसओ 15 किंवा 22 ग्रेडच्या आसपासचं खनिज हायड्रोलिक तेल. ट्रॅक्टरच्या लिफ्टचं किंवा 68 नंबरचं जाड तेल दुकानात समोर दिसतं म्हणून टाकलं की स्टेअरिंग जड, थंडीत सकाळी तर अजून जड. ब्रेक ऑइल, म्हणजे डॉट 3, डॉट 4, अजिबात नाही, ते ग्लायकॉलचं असतं आणि आतली रबरी सील फुगवून वाट लावतं. चुकून कोणी टाकलंच असेल तर नुसतं धुऊन भागत नाही, सील सगळी बदलायची. अगदीच अडलं तर ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं एटीएफ टाकायची काही कंपन्या मुभा देतात पण ते घरी पोहोचण्यापुरतं.

उन्हाळ्यात एक वेगळाच फोन येतो, टोपणातनं तेल बाहेर आलंय, हेल्म फुटला का? काही फुटलं नाही. मे महिन्यात आपल्याकडं 42-43 अंश, त्यात काळा हेल्म उघड्या उन्हात. तेल तापलं की फुगतं, लिटरभर तेल 20 अंशांनी तापलं तर साधारण 14 मिली वाढतं, आणि काठोकाठ भरलेलं असेल तर ते टोपणाच्या भोकातनं बाहेर येणारच. रात्री थंड झालं की लेव्हल खाली दिसते, माणूस परत काठोकाठ भरतो, दुपारी परत बाहेर. महिनाभर हाच खेळ. अर्धा इंच जागा सोडा आणि हेल्मवर गोणपाट टाका, मिटलं.

जड स्टेअरिंग हा प्रकार वेगळा, आणि त्यात बऱ्याचदा हायड्रोलिकचा काही दोष नसतो. सिलेंडरपासून इंजिन सोडवा, एकच बोल्ट असतो तिथं, आणि इंजिन हातानं डावी-उजवीकडं फिरवून बघा. जर तेच जड असेल तर स्विव्हल ब्रॅकेटमधलं (इंजिन ज्यावर डावी-उजवीकडं फिरतं त्यातलं) ग्रीस वाळलंय. पाणी कमी झालं की बोट काठावर चार-पाच महिने पडून राहते, दुष्काळी सालात तर वर्षभर, तेवढ्यात ग्रीस मेणासारखं होतं. ग्रीस निपलातनं नवीन ग्रीस मारत, इंजिन हलवत, जुनं बाहेर येईस्तोवर मारत राहायचं. टिल्ट ट्यूबलाही (इंजिन ज्यावर वर-खाली होतं ती नळी) मारा. अशा जड इंजिनाला हायड्रोलिकनं जबरदस्ती फिरवत राहिलं की सिलेंडरची सील जातात, आणि मग पुन्हा आपण सीललाच शिव्या देतो. इंजिन हातानं हलकं फिरतंय आणि चाक मात्र जड, तर तेल जाड, होज कुठंतरी दबलेली, नाहीतर हेल्म.

आणि वेगात गेल्यावर बोट एकाच बाजूला ओढते ही तक्रार आली तर हेल्म उघडू नका. प्रोपेलरच्या फिरण्यानं ओढ येतेच. बऱ्याच इंजिनांना प्रोपेलरच्या वरच्या प्लेटखाली एक छोटा पर असतो, ट्रिम टॅब. बोट उजवीकडं ओढत असेल तर त्याचं मागचं टोक थोडं उजवीकडं करा, डावीकडं तर डावीकडं. थोडं थोडं करून बघायचं. पाणी कमी असताना प्रोपेलर बुंध्याला किंवा दगडाला आदळला असेल तर तो पर वाकतो पण, ते आधी बघा.

नाथसागर, म्हणजे आपलं जायकवाडी धरणाचं पाणी, काही तळं नाही, लांबीला 55 किलोमीटर आणि रुंदीला 27 किलोमीटरपर्यंत सांगतात, दुपारी वारं सुटलं की मधी चांगल्या लाटा उठतात. म्हणून काठ सोडायच्या आधी चाक या टोकापासून त्या टोकापर्यंत एकदा फिरवा आणि वळे मोजा. आज नेहमीपेक्षा वळे जास्त लागले तर हवा शिरली किंवा तेल घसरतंय, बोट बाहेर काढू नका. (सिलेंडर बाजूनं बसणारा असेल तर एका दिशेला वळे कमी आणि दुसऱ्या दिशेला जास्त, ते नॉर्मल आहे.) मधी पाण्यात चाक पोकळ झालंच तर आधी वेग कमी, मग न्यूट्रल, मग इंजिन बंद करून वल्ही मारा किंवा दुसऱ्या बोटीला बोलवा. चालू इंजिनाजवळ बसून हातानं ते वळवायला कोणाला पाठवू नका, लाइफ जॅकेट घातलेलं असलं तरी.

सील किट मागवताना नुसतं ''90 एचपीचं'' सांगून मागवू नका, इंजिनाच्या एचपीचा सीलशी संबंध नाही. सिलेंडरच्या बॉडीवर मॉडेल नंबरचं स्टिकर किंवा कोरलेला नंबर असतो, तो गाळाखाली लपलेला असतो, पुसून फोटो काढा. हेल्मचा नंबर वेगळा, तो पण काढा. स्टिकर गेलंच असेल तर रॉडचा व्यास व्हर्नियरनं मोजून, दोन्ही टोकांचे फोटो काढून पाठवा, आणि किटबरोबर ब्लीड निपलांची एक जोडी पण मागवून ठेवा, जुन्यांची तोंडं पान्यानं गोल झालेली असतात.